हणमंतराव सरांची बुरशी

१

अनुराधाबाईंनी सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला, चष्मा लावला आणि हातातली काचनळी खिडकीच्या उजेडात धरली.

"प्राजक्ता, या नळीवर नंबर तुझ्या सरांचा आहे," त्या म्हणाल्या. "पण आतली बुरशी त्यांची नाही. कुणीतरी नळी बदललीये."

मी नळीवरचा नंबर पुन्हा वाचला. तो सरांचाच होता.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. हैदराबादेत कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ निघाले होते, घरांच्या गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवल्या होत्या आणि परदेशी नावांच्या कंपन्यांचे रोज नवे पेन डॉक्टरांच्या टेबलावर येत होते. मी मलकपेठेत शांताबाई स्मारक रुग्णालयात डॉक्टर म्हणून नुकतीच लागले होते. बरकतपुऱ्यातून लुनावर निघायचं, चादरघाटचा पूल ओलांडायचा, सकाळी अजून रस्ता मोकळा असायचा आणि इराण्याच्या हॉटेलातून ताज्या बिस्किटांचा वास यायचा. आज त्या रस्त्यावर गाडी इंच इंच सरकते, तेव्हा तो वास मला हटकून आठवतो.

माझ्या वॉर्डात हणमंतराव भालकीकर सर होते. जामबागेतल्या मराठी शाळेत त्यांनी मला गणित शिकवलं होतं. मलाच काय, हैदराबादेतल्या मराठी घरांमधल्या अर्ध्याअधिक मुलांना. आतड्याचं ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं, आणि मग ताप चढला तो उतरेना. रक्त तपासलं तर त्यात बुरशी निघाली. शिळ्या भाकरीवर येते ती बुरशी लोकांना माहीत असते. तिचीच एक भावकी माणसाच्या रक्तात शिरली की माणूस आतून पोखरला जातो, हे फार थोड्यांना माहीत असतं.

आमच्या रुग्णालयात तेव्हा एक नवी गोष्ट होत असे, आणि तिचा आम्हाला अभिमान होता. रक्तातली बुरशी नुसती ओळखून न थांबता तिला कोणतं औषध लागू पडतं ते आमची लॅब तपासून सांगायची. औषध कमीकमी करत नेलेल्या नळ्यांची एक ओळ मांडायची, प्रत्येकीत थोडी बुरशी सोडायची. पाणी नितळ राहिलं तर औषध लागू. गढूळ झालं तर नाही. सरांचा निकाल आला होता की फ्लुकोनॅझोल हे औषध उत्तम लागू. तेच आम्ही देत होतो. आणि सर दिवसागणिक खचत होते.

म्हणून मी अनुराधाबाई कंधारकरांकडे गेले. कॉलेजात त्यांनी आम्हाला जंतुशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त होऊन त्या बरकतपुऱ्यातच राहत होत्या. बाई लगेच लॅबमध्ये आल्या, सरांची नळी मागून घेतली, आणि सरांच्या रक्ताच्या बाटलीतून पहिल्या दिवशी केलेली काचपट्टीही मागितली.

"बघ," त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "ही पहिल्या दिवसाची पट्टी."

पेशी लांबट होत्या. बासमतीची शितं ताटात पसरावीत तशा.

"आता नळीतली बघ."

या गोल होत्या, भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या.

"बिर्याणी आणि साबुदाण्याची खिचडी यातला फरक हैदराबादच्या माणसाला सांगावा लागत नाही," बाई म्हणाल्या. "लांबट शितांची जी जात आहे तिच्यावर फ्लुकोनॅझोल चालत नाही. जन्मतःच चालत नाही. तुझ्या सरांना तुम्ही पाणी पाजताय."

२

आमचे सर्जन डॉ. हिम्मतराव जुने हैदराबादी. मराठी बोलताना त्यांच्या तोंडी दख्खनी कधी आली हे त्यांना स्वतःलाही कळत नसे. बाईंचं सगळं त्यांनी आदराने ऐकून घेतलं.

"बाई, दुसरं औषध आहे, मला मालूम आहे. अ‍ॅम्फोटेरिसिन. पण ते किती जहाल आहे तुम्हाला सांगायला नक्को. मास्तरांचे गुर्दे, दोन्ही किडन्या, आधीच परेशान आहेत. काचेवरचे तांदूळ बघून मी ते गुर्दे डावावर लावू काय?"

"पुन्हा रक्त काढलं?"

"काढलं की. काहीच उगवलं नाही." ते थकल्यासारखे खुर्चीत टेकले. "ही बला रक्तात हर वेळी सापडत नाही. पट्टीची अदलाबदल झाली नाही कशावरून? मला ती असली, खरी नळी आणून द्या. त्या बुरशीवर हे औषध चालत नाही असं कुणी खात्रीनं सांगू द्या. त्याच घडीला सुरू करतो."

म्हणजे चोराचा शोध ही नुसती चोराची गोष्ट राहिली नव्हती. खरी नळी सापडली तर सर वाचण्याची आशा होती.

लॅबमध्ये त्या नळीपर्यंत हात पोचू शकेल अशी माणसं तीनच. बाई प्रत्येकाशी बोलल्या, आणि मी बाजूला उभी राहून ऐकत होते.

पहिली मनीषा, लॅबमधली टेक्निशियन. नवऱ्याच्या कॉम्प्युटरच्या नोकरीमुळे मुंबईहून आलेली, कामाला नेटकी, आणि त्या दिवशी घाबरलेली.

"नळी मीच भरली होती, मॅडम. नंबरही मीच घातला."

"आणि औषधाची चाचणी?"

मनीषाने खाली पाहिलं. "पहिली माझ्याकडून बिघडली. सगळ्याच नळ्या गढूळ आल्या. आमचे हेड अरविंद सर म्हणाले, तू औषध घालायलाच विसरलीस. मग दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून नळी काढून पुन्हा केली. ती नीट आली."

"विसरली होतीस?"

"मला घातल्यासारखं आठवत होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "पण सर म्हणाले म्हणजे विसरलेच असेन."

बाई भलतंच काही म्हणाल्या, "मला एक कोरी नळी लावून दाखवतेस? तू कशी करतेस ते बघायचंय."

मनीषाने तारेची कडी ज्योतीवर लाल केली, निववली, थोडी बुरशी उचलली आणि नळीतल्या जेलीसारख्या खळीवर खालून वर एक सरळ रेघ ओढली. बाईंनी मान डोलावली, बस्स.

दुसरा तेजस, औषध कंपनीचा प्रतिनिधी. पुण्याचा, टाय लावलेला, नव्या कोऱ्या मोटारसायकलवर फिरणारा. चाचणीला लागणारी औषधाची शुद्ध पूड तोच आणून द्यायचा. मनीषाने चाचणी पुन्हा केली त्याच्या आदल्या संध्याकाळी तो फ्रिजपाशी एकटाच होता, हे शिपायाने मला सांगितलं होतं.

"होतो ना," तो म्हणाला. "पूड फ्रिजमध्येच ठेवतो मी. त्यात काय चुकलं?"

"दिल्लीच्या परिषदेत तुमच्या कंपनीचं मोठं पोस्टर लागणार आहे म्हणे," बाई म्हणाल्या. "'हैदराबादेत या औषधाला दाद न देणारी बुरशी नाही' असं."

त्याच्या कपाळावर घाम आला. "ते डॉक्टर अरविंद सरांच्या संशोधनावर आहे, मॅडम. आम्ही फक्त छापतो. आणि खरं सांगू? मला त्या सगळ्या नळ्या एकसारख्याच दिसतात."

बाहेर पडल्यावर मी म्हणाले, "बाई, हाच. याच्या औषधाचं नाव खराब होणार होतं."

"घाई करू नकोस," त्या म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

तिसरे स्वतः लॅबचे प्रमुख, डॉ. अरविंद औरादकर. बाईंचे सर्वांत लाडके विद्यार्थी. बाई आल्या म्हटल्यावर ते उठून उभे राहिले, चहा मागवला, उस्मानिया बिस्किटं मागवली, स्वतःच्या हाताने बशी पुढे केली. टेबलावर दिल्लीच्या भाषणासाठी प्रोजेक्टरवर लावायची पारदर्शकं पसरली होती.

"नंबर कोणता म्हणालात?" त्यांनी विचारलं. मी सांगितला. त्यांनी कपाळाला आठी घातली. "आठवत नाही. मी नळ्यांना हातही लावत नाही, बाई. मनीषाच सगळं करते. शेवटचा निकाल तेवढा मी बघतो. चूक झाली असेल तर तिच्याकडूनच."

बाईंनी बिस्कीट चहात बुडवलं. ते विरघळून कपात पडलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

३

त्या संध्याकाळी बाईंच्या घरी गच्चीत बसलो होतो. समोर काचिगुडा स्टेशनकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी वाजली. बाईंनी ती खोटी नळी रुमालात गुंडाळून आणली होती.

"जवळून बघ," त्यांनी ती माझ्या हातात दिली. "बुरशी कशी वाढलीये ते बघ. काय दिसतं?"

बुरशी जिथे कडी फिरते तिथेच वाढते. हाताचं वळण तिच्यात जसंच्या तसं उमटतं. मी नळी वळवून पाहिली. खालून वर एक सरळ रेघ होती. तिच्यावर, वरून खाली येणारी नागमोडी रेघ होती. आणि अगदी तळाशी, जिथे हात थांबला तिथे, एक छोटंसं वळण. वेलांटीसारखं.

ती वेलांटी मला ओळखीची होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, उंच खिडक्यांखाली, बाई आमचा हात धरून ती काढून घ्यायच्या. तळाशी बुरशीचं बी थोडं जास्त पडलं की नळी लवकर मरत नाही, असं त्या म्हणायच्या. दुसऱ्या विभागांतले मास्तर हसायचे, कंधारकरबाईंची पोरं नळीतसुद्धा मराठी लिहितात म्हणून. किती निवांत दिवस होते ते. दुपारच्या प्रात्यक्षिकानंतर कोठीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळायची, मोझमजाही मार्केटात सीताफळाचं आइस्क्रीम खायचं, आणि बाईंची नक्कल करायची.

"मनीषा एकच सरळ रेघ ओढते," बाई म्हणाल्या. "तू पाहिलंस. ही नळी तिने लावलेली नाही. आणि तेजसला कडी धरताच यायची नाही."

"म्हणजे..."

"हे वळण मी फक्त माझ्या मुलांना शिकवलं. त्या रुग्णालयात माझी मुलं दोनच आहेत, प्राजक्ता." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "एक अरविंद. दुसरी तू."

४

सकाळी आम्ही अरविंद सरांच्या खोलीत गेलो. बाईंनी दार लावून घ्यायला सांगितलं.

"चहा नको," त्या म्हणाल्या. "बस, अरविंद. मी बोलते, तू ऐक. चुकलं तर सांग.

"नळी कुणी बदलली हा प्रश्न मी मागाहून विचारला. आधी विचारलं, ती बदलावी असं वाटायला कुणाला काय माहीत हवं? या रोग्याच्या बुरशीवर औषध चालत नाही, हे माहीत हवं. ते फक्त त्या पहिल्या चाचणीत दिसलं होतं, सगळ्या नळ्या गढूळ झाल्या तेव्हा. त्या कुणी पाहिल्या? मनीषाने आणि तू. तेजसला कुणी दाखवल्या नाहीत. त्याच्या लेखी बदलण्यासारखं काही घडलंच नव्हतं. प्राजक्ताने पाहिल्या नाहीत, आणि तिला बदलायची असती तर ती मला बोलवायला आली नसती."

अरविंद सर पारदर्शकांच्या कडा जुळवत होते.

"राहिली मनीषा. तिने बदलली असती तर ती बिघडलेल्या चाचणीची गोष्ट गिळून बसली असती. पण तिने ती मला आपणहून सांगितली, आणि वर स्वतःला दोष दिला. औषध विसरलीस असं तिच्या मनात भरवलं कुणी? तू. मग तिला पुन्हा चाचणी करायला सांगितलंस. तिने फ्रिजमधून नळी काढली त्याआधी तिथे दुसऱ्या कुणा रोग्याच्या बुरशीची नळी ठेवली गेली होती, हाच नंबर घालून. काल म्हणालास, नळ्यांना हातही लावत नाहीस." बाईंनी रुमाल उलगडला. "मग हे माझं अक्षर इथे कसं आलं?"

अरविंद सरांनी नळी हातात घेतली नाही.

"सवय," ते शेवटी म्हणाले. "लक्षातच आलं नाही."

"का केलंस?"

"वर्षभराचे नमुने, बाई. सगळ्यांना औषध लागू. दिल्लीत पहिल्यांदा हैदराबादचं नाव कुणी घेणार होतं. नेमकी निघायच्या तोंडावर ही एक नळी. मला वाटलं मनीषाची चूक..." ते थांबले. "नाही. मला तसं वाटायला हवं होतं. म्हणून तसं वाटून घेतलं."

"खरी नळी कुठे आहे?"

ते पुन्हा पारदर्शकांच्या कडा जुळवू लागले. बाईंनी ती त्यांच्यापुढून बाजूला सारली.

"नळीवर नंबर असतो, अरविंद. तू नंबर पाहिलास. मी तुला नाव सांगते. हणमंतराव भालकीकर."

अरविंद सर जामबागेतल्याच शाळेतले, हे मला माहीत होतं. त्यांच्या वर्गातल्या करामती भालकीकर सर आम्हालाही सांगायचे, असा एक मुलगा होता म्हणून. आता अरविंद सरांचा चेहरा पाहवेना, म्हणून मी खिडकीबाहेर पाहिलं.

ते उठले. भिंतीतल्या लोखंडी कपाटाच्या मागच्या कप्प्यातून त्यांनी एक काचनळी काढली. तिच्यातली बुरशी कोरडी, पसरट, मळकट पांढरी होती, आणि तिच्यावर मनीषाची सरळ रेघ होती.

"फेकून द्यायला हात धजला नाही," ते म्हणाले. "पहिली चाचणी खरी होती. मनीषाचं काहीच चुकलं नव्हतं."

"हे मला सांगून उपयोग नाही," बाई म्हणाल्या. "चल, हिम्मतरावांना सांग."

५

अ‍ॅम्फोटेरिसिन त्याच दुपारी सुरू झालं. औषध चढू लागलं की सरांना थंडी भरून यायची, दात वाजायचे, खाट हलायची. आम्ही ब्लँकेटं घालायचो. हिम्मतराव दिवसातून अनेकदा येऊन लघवीचं प्रमाण बघायचे आणि "चल रहे हैं गुर्दे, चल रहे हैं" असं स्वतःशीच पुटपुटायचे. अरविंद सर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून असायचे. त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं, ऊठही म्हटलं नाही.

ताप हळूहळू उतरला. एके सकाळी सरांनी भात मागितला, आणि मीठ कमी आहे म्हणून तक्रार केली. तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं.

अरविंद सरांनी मनीषाची सगळ्यांसमोर माफी मागितली. दिल्लीचं भाषण मागे घेतलं आणि रुग्णालयाच्या विश्वस्तांना सगळं स्वतः जाऊन सांगितलं. त्यांचं प्रमुखपद गेलं. नोकरीही जायची, पण काम येणारा दुसरा माणूस शहरात नव्हता. बाईंनी त्यांच्यासाठी कुणाकडे शब्द टाकला नाही. "मी हात शिकवला," एवढंच त्या एकदा मला म्हणाल्या. "बाकीचं त्याला येत असेल असं धरून चालले."

हणमंतराव सरांनाही अरविंद सरांनी स्वतः सांगितलं. सर उशीला टेकून ऐकत होते. रागावले नाहीत, माफही केलं नाही.

"अशी आणखी कुणाची बदललीस?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"आणि न बदलता चुकलेल्या? वर्षभरात सगळे बरोबरच आले म्हणतोस. ताळा करून पाहिलास?"

दुसऱ्या दिवसापासून अरविंद सरांनी आणि मनीषाने वर्षभराच्या सगळ्या नळ्या पुन्हा तपासायला घेतल्या. आठवडे गेले. आणि एक सापडली. मलकपेठेतल्या एका बाईंची. पावसाळ्यात त्या आमच्याकडेच वारल्या होत्या. त्यांच्या नळीत दोन जातींची बुरशी गुंतून वाढली होती. लॅबने तपासली ती साधी, आणि तिच्याआड औषधाला न जुमानणारी निसटली होती. कुणी काही लपवलं नव्हतं. फक्त कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं.

"कुणी विचारणार नाही," हिम्मतराव म्हणाले. "बात खत्म झाली. गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन काय सांगणार?"

"जे झालं ते," अरविंद सर म्हणाले.

अनुराधाबाईंनी मला त्यांच्याबरोबर जायला सांगितलं. घर रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत होतं. वारलेल्या बाईंचे यजमान, आबासाहेब, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, स्वच्छ धुतलेल्या सदऱ्यात एकटेच बसले होते. टीव्ही चालू होता, आवाज बंद होता. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि समोर बसले.

अरविंद सरांनी सगळं सांगितलं, आडवळण न घेता. बुरशी दोन होत्या, आम्हाला एकच दिसली. दुसरीला ते औषध लागू पडत नव्हतं. वेळेवर कळलं असतं तर दुसरं औषध देता आलं असतं. वाचल्याच असत्या असं नाही म्हणता येत, पण संधी मिळाली असती.

मी आबासाहेबांच्या हातांकडे पाहत होते. आता ते ओरडतील, हाकलून देतील, तसं झालं तर काय करायचं हे मी मनात योजून ठेवलं होतं.

त्यांनी उठून टीव्ही बंद केला आणि पुन्हा येऊन बसले.

"डॉक्टर मला रोज सांगायचे," ते शेवटी म्हणाले, "औषध बरोबर चाललंय, अगदी तपासून दिलंय. तरी ती खचतच होती. मग मला वाटलं, तिनंच धीर सोडला. शेवटच्या दिवशी मी तिला बोललो तसं. म्हटलं, तुला जगायचंच नाही, औषध काय करणार." त्यांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही. "ती नुसती माझ्याकडे बघत राहिली."

अरविंद सरांची मान खाली गेली.

"म्हणजे ती लढत होती," आबासाहेब म्हणाले. "शेवटपर्यंत लढत होती ती."

मग ते उठले, भिंतीवरच्या तिच्या फोटोपाशी गेले, आणि आम्ही खोलीत आहोत हे विसरून तिच्याशी हलक्या आवाजात बोलू लागले.